अकरा ते पाच

मुलींनी शिकावे असे सुधारक म्हणत आणि शिकू नये असे सनातनी म्हणत, अशी सोपी वाटणी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुण्यातले १८८० नंतरचे वाद जरा जवळून पाहिले, तर ही वाटणी टिकत नाही. मुलीला दोन अक्षरे यावीत, पोथी वाचता यावी, धोब्याचा हिशेब ठेवता यावा, याला तोवर बऱ्याच घरांची हरकत उरली नव्हती. खरा खटका उडाला तो वेळापत्रकावरून. मुलींची नवी शाळा सकाळी अकराला भरायची आणि संध्याकाळी पाचला सुटायची, मुलांच्या शाळेसारखीच. तिथे इंग्रजी, गणित आणि शास्त्र शिकवायचे, तेही मुलांच्याच इयत्तांप्रमाणे. एवढ्यावरून गाव पेटले.

ती शाळा म्हणजे हुजूरपागा. मुलींच्या हायस्कूलची गोष्ट सांगायची तर मराठी माणसाला तिथूनच सुरुवात करावी लागते.

पण आधी परीक्षेचे बोलू, कारण शाळेच्या आधी परीक्षा आली. मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. १८७५ मध्ये बेळगावच्या पोस्टमास्तरांनी विद्यापीठाला पत्र लिहून विचारले की माझ्या मुलीला मॅट्रिकला बसता येईल का. विद्यापीठाने नाही म्हटले. नियम मुलग्यांना धरून लिहिलेले होते, त्यात मुलगी बसत नव्हती. पुढे तीनच वर्षांत कलकत्ता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा कादंबिनी बसू उत्तीर्ण झाल्या, आणि १८८३ मध्ये त्या आणि चंद्रमुखी बसू पदवीधरही झाल्या. मुंबई विद्यापीठाने मुलींना परीक्षेची वाट मोकळी केली तीही १८८३ मध्येच. आता परीक्षा होती, पण तिथवर नेणारी शाळा पुण्यातल्या हिंदू मुलींना नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. त्यानंतरच्या छत्तीस वर्षांत मुलींच्या प्राथमिक शाळा वाढल्या, शिक्षिका तयार करणारे फीमेल ट्रेनिंग कॉलेज १८७० मध्ये पुण्यातच निघाले. पण चौथी-पाचवीच्या पुढे वाट बंद होती. मुलगी दहा-अकराची झाली की तिचे लग्न व्हायचे आणि पाटीपुस्तक माळ्यावर जायचे.

१८८४ हे साल पुण्यामुंबईकडे फार गजबजलेले आहे. बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरची आपली टिपणे याच वर्षी प्रसिद्ध केली. दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर नांदायला येण्यासाठी दावा लावला तोही याच वर्षी. पुण्यात टिळक-आगरकरांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढली आणि दोनअडीच महिन्यांत, १८८५ च्या जानेवारीत, फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आणि याच वर्षी वामन आबाजी मोडक, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर या मंडळींच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल उघडले. सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारख्या इंग्रज अधिकाऱ्याचाही त्याला पाठिंबा होता. हेच वेडरबर्न पुढे दोनदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

शाळा मागायला जी सभा भरली, तिची हकीकत रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे. समोर मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन, भोवती शहरातली प्रतिष्ठित मंडळी, आणि निवेदन वाचायला उभी राहिली विशीबाविशीची एक बाई, तीही इंग्रजीत. रमाबाईंचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती; न्यायमूर्तींनी रात्री बसवून त्यांना शिकवले. त्या दिवशी सभेत टाळ्या पडल्या असतील, पण घरी परतल्यावर बायकांनी जे ऐकवले ते टाळ्यांपेक्षा जास्त दिवस पुरले. घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्यांच्या शिकण्यावर कायमच नाराज होत्या. पुरुषांत उभे राहून बोलायचे, तेही साहेबाच्या भाषेत, म्हणजे ताळतंत्र सुटले म्हणायचे. मला या प्रसंगात गव्हर्नरपेक्षा त्या घरातल्या बायकाच महत्त्वाच्या वाटतात. हायस्कूलला विरोध करणारे सगळे काही उपरण्यातले नव्हते. सुनेच्या कामाचे तास ज्यांच्या हाती होते त्या सासवांनाही शाळेची झळ लागणार होती.

शाळेला जागा मिळाली ती पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची. पागेतले घोडे जाऊन बरीच वर्षे झाली होती, जागा सांगलीच्या पटवर्धनांकडे होती. शाळेच्या औपचारिक नावात आजही त्या घराण्यातल्या चिंतामणरावांचे नाव आहे, पण ते पत्रव्यवहारापुरते. रिक्षावाल्याला सांगताना, वधूपरीक्षेत सांगताना, म्हातारपणी अभिमानाने सांगताना सगळ्या जणी हुजूरपागाच म्हणतात. लक्ष्मी रस्त्याच्या साड्यांच्या दुकानांच्या गर्दीत ती शाळा आज उभी आहे.

आता वेळापत्रकाकडे येऊ. आज आपल्याला सहा तासांची शाळा इतकी सवयीची आहे की त्यात भांडण्यासारखे काय आहे हे कळत नाही. १८८५ मधल्या नारायण पेठेतल्या एखाद्या मध्यमवर्गीय ब्राह्मण घराची दिनचर्या डोळ्यांसमोर आणा. पाणी आडावरून किंवा हौदावरून. सोवळ्यातला स्वयंपाक सकाळी, पुरुषांची पंगत आधी, मग मुलांची, मग बायकांची. उष्टी काढायची, शेण लावायचे, भांडी, दुपारी धान्य निवडणे, जात्यावर बसणे, संध्याकाळी दिवे आणि पुन्हा चूल. अकरा वर्षांची मुलगी या सगळ्यात मोजली जाणारी दोन हातांची माणूस होती, मग ती माहेरी असो की सासरी. सकाळी सात ते दहा शाळा असती तर पहिल्या पंगतीला ती वाढायला हजर झाली असती. दुपारी दोन ते पाच असती तर निवडणे-टिपणे तेवढे बुडाले असते. अकरा ते पाच म्हणजे मात्र ती घरातून दिवसभरासाठी गेलीच. अशी मुलगी ज्या घरात सून म्हणून जायची, त्या घराने तिला शाळेत पाठवायचे म्हणजे तिचे काम दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर द्यायचे. त्यापेक्षा लग्नच थोडे लांबवलेले बरे, असे एखाद्या बापाच्या मनात आले, की रूढीच्या पायाला पहिली पाचर बसली.

टिळकांच्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकात १८८७ मध्ये या शाळेच्या अभ्यासक्रमावर जे लेख आले त्यांचा रोख नेमका इथे होता. शाळा बंद करा अशी मागणी नव्हती. मागणी अशी की शाळा तीन तासांची करा, सकाळी किंवा दुपारी, म्हणजे मुलींना घरकाम करता येईल. इंग्रजीचा आणि मुलांच्या इयत्तांचा आग्रह सोडा. मातृभाषा, नीतिशिक्षण आणि शिवणकाम शिकवा. सांगितलेले कारण असे की मुलांचे शिक्षण जसेच्या तसे मुलींना दिले तर त्या संसाराला निरुपयोगी होतील.

आज यावर टिळकांना झोडपणे सोपे आहे आणि ते पुष्कळदा झालेलेही आहे. मला मात्र वाटते की या वादात विरोधकांनाच शाळेचा अर्थ जास्त चांगला कळला होता. सुधारक सांगत होते की शिकलेली मुलगी अधिक चांगली गृहिणी होईल, नवऱ्याला शोभेल, मुलांना वळण लावील. घर आहे तसेच राहील, फक्त उजळेल. विरोधक म्हणत होते की सहा तासांची शाळा घर आहे तसे राहू देणार नाही. पुढच्या पन्नास वर्षांनी कोण बरोबर होते हे दाखवून दिले. शाळेने लग्न पुढे ढकलले, लग्न पुढे गेले तसे सासूचे राज्य आटले, आणि मॅट्रिक झालेल्या मुलीला नोकरी मिळू लागली तेव्हा बापाच्या हिशेबात एक नवाच रकाना आला. सुधारकांना हे दिसत नव्हते असे नाही. रानड्यांसारखा माणूस इतका भोळा नव्हता. पण देणगी मागायला गेलेल्या माणसाने सगळेच खरे बोलायचे नसते.

पुण्याच्या रंगभूमीनेही हात धुऊन घेतले. नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणी शिक्षण नाटिका’ १८८६ मध्ये आली आणि शिकलेल्या बायकांची त्यात यथेच्छ टर उडवली गेली. गंमत म्हणजे दुसऱ्या एका कानिटकर घराण्यातल्या काशीबाई त्याच काळात लिहू लागल्या होत्या आणि त्यांची गणना पुढे मराठीतल्या पहिल्या स्त्री-लेखकांत झाली. या गदारोळात सगळ्यांच्या पुढे जाऊन बोलले ते आगरकर. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे त्यांनी निबंधाच्या मथळ्यातच सांगून टाकले. मुलींची वेगळी शाळा म्हणजे त्यांना अर्धीच पावले वाटत होती. त्यांच्या त्या एका मथळ्यापुढे हुजूरपागेचे संस्थापक एकदम मवाळ दिसू लागतात, आणि मवाळ माणसांना असा एखादा आगरकर शेजारी असणे फार सोयीचे असते.

शाळा आपल्या वेळापत्रकावर टिकली. कशी टिकली याचे एक साधे कारण म्हणजे वसतिगृह. पुण्यातल्या सासुरवाशिणींवरच अवलंबून राहिली असती तर वर्ग भरले नसते. वसतिगृहामुळे कोकणातून, देशावरून, परप्रांतातून मुली आल्या. नोकरीनिमित्त दूर गेलेल्या मराठी माणसाला मुलीची सोय लावायला एक पत्ता मिळाला. इरावती कर्वे यांचेच उदाहरण घ्या. वडील गणेश हरी करमरकर ब्रह्मदेशात कापसाच्या कंपनीत इंजिनिअर. मुलीचा जन्म १९०५ मध्ये तिथल्या मिंज्यानचा आणि नाव तिथल्या नदीवरून ठेवलेले. सातव्या वर्षी तिला समुद्र ओलांडून पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात आणून सोडले. वर्गात तिची गट्टी जमली शकुंतला परांजपे हिच्याशी, आणि शकुंतलाबाईंच्या आईने या परक्या गावातल्या पोरीला आपल्या घरीच ठेवून घेतले. घर होते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांचे. पुस्तकांनी भरलेले, देवाधर्माचे अवडंबर नसलेले. पुढे इरावतीबाई मानववंशशास्त्रात जर्मनीत डॉक्टरेट करून आल्या आणि शकुंतलाबाई केंब्रिजला गणित शिकून संततिनियमनाच्या कामात पडल्या. ही दोन नावे एका बाकावरून निघाली यात शाळेचा वाटा किती आणि परांजप्यांच्या घराचा किती, याची वाटणी करता येणार नाही. पण वसतिगृह नसते तर ब्रह्मदेशातली मुलगी त्या बाकापर्यंत पोचलीच नसती. शांता शेळके खेडच्या बाजूने पुण्यात आल्या आणि त्यांचेही शालेय शिक्षण हुजूरपागेतच झाले.

धोंडो केशव कर्वे यांनी मात्र निराळा मार्ग धरला. त्यांचा विधवाश्रम १८९६ चा. पुढे महिला विद्यालय, आणि १९१६ मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ. हे विद्यापीठ जपानमधल्या महिला विद्यापीठावरून सुचलेले. मातृभाषेतून शिक्षण, गृहजीवनशास्त्र, आरोग्य, आणि इंग्रजी दुय्यम. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली. म्हणजे पाहा, बायकांना वेगळे शिक्षण हवे हा १८८७ चा आक्षेप तीस वर्षांनी एका थोर सुधारकाच्या हातून विद्यापीठ होऊन उभा राहिला. कर्व्यांचा हेतू उलट होता. मुलग्यांच्या शर्यतीत न धावताही बाईला उच्च शिक्षण घेता यावे असे त्यांना वाटत होते. तरीही मुलीला चांगली नोकरी मिळावी असे वाटणारे पालक मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिककडेच वळत राहिले.

हुजूरपागेचे गुणगान करताना एक गोष्ट बहुतेक वेळा वगळली जाते. सुरुवातीच्या काळात या शाळेतल्या मुली मुख्यतः ब्राह्मण आणि तत्सम घरांतल्या. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे गाऱ्हाणे मांडले होते की सरकारचा शिक्षणावरचा पैसा वरच्या जातींच्या उच्च शिक्षणाकडे वळतो आणि शेतकऱ्याच्या पोराला प्राथमिक शाळाही मिळत नाही. मुलींच्या बाबतीत ते अधिकच खरे ठरले. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ मध्ये आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. अशी मुलगी हायस्कूलपर्यंत पोचायला पुढे किती काळ जावा लागला, हे नागपूरकडे पाहिले की समजते. तिथे जाईबाई चौधरी यांनी चोखामेळ्याच्या नावाने दलित मुलींची शाळा उघडली तेव्हा विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडले होते. आणि १९४२ च्या जुलैत नागपूरलाच बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित महिलांची जी प्रचंड परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या.

जातीचा हा प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या रूपात उभा होता. कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावर गुलामगिरी संपून अर्धशतक होत आले होते, पण बऱ्या घरच्या मुलींच्या शाळांत काळ्या वर्णाच्या मुलीला थारा नव्हता. ती आली तर गोऱ्या आणि उजळ घरचे पालक आपल्या मुली काढून घेत. विल्यम मेन्झी वेब नावाच्या बॅप्टिस्ट पाद्र्याने यावर तोड काढली. ट्रेलॉनी परगण्यातल्या स्ट्युअर्ट टाऊन या डोंगराळ गावात त्याने १८८२ मध्ये रंग न पाहता प्रवेश देणारी मुलींची शाळा सुरू केली. तीच पुढे वेस्टवुड हायस्कूल झाली. हुजूरपागेआधी दोन वर्षे. तिथल्या मुलींच्या गणवेशात ताडाच्या पात्यांची विणलेली हॅट असते, तिला ते जिपी-जापा म्हणतात, आणि ती हॅट त्या बेटावर आजही लांबून ओळखता येते. वेबला पुण्याची खबर नव्हती आणि रानड्यांना स्ट्युअर्ट टाऊनची. तरीही दोघांपुढे प्रश्न एकच होता, की प्राथमिक शाळेनंतर मुलीचे काय. फरक असा की वेबने सुरुवातच वगळलेल्या मुलींपासून केली. पुण्यात त्या मुलींची पाळी फार उशिरा आली.

त्याच समुद्रातल्या त्रिनिदाद बेटाची गोष्ट आपल्याला आणखी जवळची. १८४५ ते १९१७ या काळात हिंदुस्थानातून सुमारे १ लाख ४३ हजार माणसे करारावर उसाच्या मळ्यांत राबायला तिथे गेली. बहुतेक भोजपुरी मुलखातली. त्यांच्या मुलांसाठी कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने शाळा काढल्या. जॉन मॉर्टन हा पाद्री तिथे १८६८ मध्ये पोचला. त्याची बायको सेरा हिने मुलींसाठी वसतिगृह चालवले, त्यात धुणे, शिवण, स्वयंपाक आणि बायबल. हेतू उघड होता, की बाटलेल्या मास्तरांना आणि उपदेशकांना शोभतील अशा बायका तयार करायच्या. म्हणजे मिशनरी आणि ‘मराठा’कार यांचे या एका मुद्द्यावर छान जमले असते. १९१२ मध्ये सॅन फर्नांडो शहरातल्या टेकडीवर नापारिमा गर्ल्स हायस्कूल सुरू झाले, तेव्हा मात्र या करारी मजुरांच्या, गिरमिटियांच्या नातींना मुलांचीच परीक्षा आणि मुलांचेच विषय मिळू लागले. त्या शाळेची आज जगभर ओळख कशाने आहे? पाककृतींच्या पुस्तकाने. १९८८ मध्ये शाळेने निधीसाठी ते काढले आणि आता परदेशी राहणाऱ्या त्रिनिदादी माणसाच्या स्वयंपाकघरात ते असतेच. रोटीपासून काळ्या केकपर्यंत सगळे त्यात आहे. मुलींना स्वयंपाक शिकवा म्हणून एके काळी जगभर ओरड झाली, आणि शंभर वर्षांनी शिकलेल्या मुलींनी त्याच स्वयंपाकाचे पुस्तक विकून शाळेच्या तिजोरीत भर घातली.

आता माझ्या घराजवळ, छत्तीसगडात येऊ. भोसल्यांच्या काळापासून रायपूर-बिलासपूरकडे मराठी घरे आहेत. त्यांतलेच एक माधवराव सप्रे. १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले, आणि टिळकांचे ते निस्सीम अनुयायी. याच सप्र्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रायपूरला मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा काढली. गुरूंनी पुण्यात ज्या वादात एक बाजू घेतली होती, त्यात शिष्याने रायपुरात शाळा काढूनच उत्तर दिले असे म्हणायला मोह होतो. पण पाठशाळा आणि मॅट्रिकचे हायस्कूल यांत अंतर आहे आणि ते मिटवून चालणार नाही. या भागातल्या मुलीला मॅट्रिक व्हायचे तर पुष्कळदा नागपूरची गाडी पकडावी लागे. तेव्हा आमची राजधानीही नागपूरच होती. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, त्या दिवशीही दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहूनच चालत होता.

४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली धमनभट्टी पेटली. गोंदिया, भंडारा, नागपूरकडून माणसे आली. डोंगरगड-राजनांदगावच्या वाटेने पाच-सहा तासांत पोचता येत असे. नगरीची आखणी सेक्टरांत झाली, आणि प्रत्येक सेक्टरात बाजार, दवाखाना, बाग यांच्याबरोबर शाळा आली. भट्टीवर तीन पाळ्यांत राबणाऱ्या बापाची मुलगी चालत शाळेत जायची, मॅट्रिक व्हायची, मग कॉलेजात. पुण्यात ज्या अकरा ते पाचवर रणे माजली, ती इथे कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. इथे घड्याळ कारखान्याच्या भोंग्याचे. कंपनीच्या क्वार्टरमध्ये आड नाही, जाते नाही, सोवळे सांभाळायला जागा नाही, आणि बहुतेक घरांत सासूही नाही. ती गावी राहिलेली. मुलीच्या शाळेला सरकारी प्रचारापेक्षा या चार गोष्टींनी जास्त मदत केली असे माझे मत आहे.

पण सेक्टरची हद्द संपली की जग बदलायचे. भिलाईपासून जेमतेम चौदा किलोमीटरवरच्या गनियारी गावात १९५६ मध्ये तीजनबाईंचा जन्म झाला. पंडवानीची ही थोर गायिका. बाराव्या वर्षी लग्न, शाळा नाही. बाईने उभे राहून, पुरुषांच्या कापालिक शैलीत महाभारत गायले म्हणून जातीने वाळीत टाकले. तेव्हा देशात मुलीच्या लग्नाचे कायदेशीर वय पंधरा होते आणि सायकलीच्या अंतरावर भारतातल्या सर्वांत आधुनिक वसाहतींपैकी एक उभी होती. पुढे त्याच भिलाई कारखान्याने त्यांना नोकरी दिली, आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांची गाणी ऐकताना कुणाला त्यांची इयत्ता आठवत नाही, हे खरे. पण त्यांच्या वर्गात बसू शकल्या असत्या त्या गनियारीच्या बाकीच्या मुलींना गळ्यातली पंडवानीही मिळाली नव्हती.

आज अडखळण्याची जागा तीच आहे, प्राथमिकच्या पुढची. सरकारी मापाप्रमाणे पहिलीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावीची तीन, आणि नववीची पाच किलोमीटरच्या आत असावी. पाच किलोमीटर धानाच्या बांधांवरून, पावसाळ्यात चिखलातून, तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने रोज जायचे आणि यायचे. आईबाप कंटाळतात ते शिक्षणाला नव्हे, या रस्त्याला. म्हणून छत्तीसगड सरकारची सरस्वती सायकल योजना पाचवीला किंवा सातवीला नाही, नेमकी नववीला ठेवली आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि गरीब घरच्या मुलीने नववीत नाव घातले की सायकल. पाटणच्या किंवा धमध्याच्या रस्त्यावर सकाळी अशा मुलींची रांग दिसते, कॅरिअरला दप्तर, पुढच्या टोपलीत पाण्याची बाटली. सायकल लेडीज असते, मधला दांडा नसलेली. त्यामुळे घरातले पुरुष ती हाटाला न्यायला, निदान पहिले काही महिने, जरा लाजतात. योजनेतला हा फायदा कुणी ठरवून ठेवला असेल असे वाटत नाही.